गच्चीवरचा पाला

कुंडीला पाणी घालण्याआधी मावशी उलटा हात मातीवर ठेवायच्या, आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. "अजून ताप शे, भाऊ," म्हणायच्या आणि ऊन कलेपर्यंत थांबायच्या.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सुरतेत, उधन्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहत. मूळच्या खानदेशच्या. आधी साड्यांवर खडे लावायचं काम, मग एका शेठच्या बंगल्यात स्वयंपाक. कुंड्यांतलं हे लेट्यूस त्यांनी तिथंच पहिल्यांदा पाहिलं. "बकरीना पाला, अन् शेठलोक काट्यानं खातस!" सांगताना स्वतःच हसायच्या.

सुरतेच्या मे महिन्यात ही रोपं तुरा धरतात, पानं कडू होतात. मावशींनी गच्चीवर जुन्या साड्यांचा दुहेरी मांडव घातला होता. उन्हाळ्यात बी रुजत नाही, म्हणून ते ओल्या फडक्यात बांधून आमच्या फ्रिजमध्ये ठेवायच्या. एकदा माझ्या बायकोनं ते कचरा समजून फेकलं. मावशींनी दुसरं आणून ठेवलं.

त्या वर्षी मावशींच्या शेजारच्या घराच्या छताला ओल आली. मी सोसायटीचा सेक्रेटरी. सगळ्यांसमोर म्हणालो, "मावशी, कुंड्या काढा."

"आठ दिन थांबा भाऊ, पानं खुडाले येतीन."

"नियम म्हणजे नियम."

त्याच दुपारी त्यांनी मांडव सोडला. कोवळी पानं खुडून घरोघर वाटली. आमच्याकडेही दिली. मी ती जेवणात खाल्लीसुद्धा.

ओल मात्र वाढतच गेली. प्लंबरनं गच्ची तपासली. पाणी माझ्या पाइपमधून झिरपत होतं. टाकीपासून घरापर्यंत ती जादा लाइन मीच टाकून घेतली होती. मी गुपचूप दुरुस्त करून घेतली.

जिन्यात मावशी भेटल्या. "गळनं थांबनं का?"

"थांबलं."

"मंग बरं झायं, कुंड्या काढ्या ते."

मी मान हलवली. हो म्हणून.

पावसाळ्यात त्या सुरतेतच, नवागामला बहिणीकडे राहायला गेल्या. दिवाळीनंतर एका रविवारी मी धीर करून तिथं गेलो. वाटभर वाक्य जुळवत होतो. बहीण दारात आली. मावशी खानदेशातल्या गावी गेल्या होत्या, कायमच्या.

"काही काम व्हतं का? फोन लाई देऊ?"

तिनं मोबाइल हातात घेतलासुद्धा.

"नको," मी म्हणालो. "सहज आलो होतो."