पट्टा नसलेले टोक

जावयांच्या गाडीत पुढच्या आसनाच्या खाचेत सीटबेल्टच्या पट्ट्याचे धातूचे टोक घट्ट बसलेले होते. मात्र त्या टोकाला पट्टाच नव्हता. आसनावर माझी कन्या बसली होती आणि तिच्या मांडीवर तीन वर्षांची नात.

"हे काय?" मी विचारले.

"पट्टा लावला नाही की गाडी पीं पीं करते, बाबा. हे खुपसलं की गप्प बसते," जावई म्हणाले. "आणि समोर एअरबॅग आहेच की."

"आता याचंही पत्र जाणार परिवहन कार्यालयाला," कन्या हसत म्हणाली.

कोर्टकचेरीत खोटी प्रतिज्ञापत्रे मी पुष्कळ पाहिली आहेत. यंत्रापुढे केलेले हे पहिलेच. तेव्हापासून सिग्नलला शेजारी येणाऱ्या प्रत्येक शांत गाडीचा मला संशय येतो. ज्या एअरबॅगवर हे लोक विसंबतात, ती पट्टा बांधलेल्या प्रौढासाठी घडवलेली असते. मांडीवरच्या मुलाच्या डोक्यावर ती ठोशासारखी आदळते. आईच्या मायेवर माझा पूर्ण विश्वास आहे. धडकेच्या क्षणी तिच्या हातांवर नाही.

पत्र मी लिहिलेच. पण त्याआधी ते टोक उपटून खिशात घातले, डिकीत प्लास्टिकसकट पडलेले नातीचे बालआसन मागे पक्के बसवायला लावले आणि तिला त्यात बांधले. कन्या पट्टा लावेपर्यंत गाडी ओरडत राहिली.

"डोकं उठतं हो, बाबा," जावई म्हणाले.

"उठू द्या," मी म्हणालो. त्या गाडीत खरे बोलणारी एकटी ती पीं पींच होती, आणि आजवर तिलाच गप्प केले गेले होते.