स्लीपरवर बसवलेली मोटार

आमच्या घरी मासे दुधाच्या कॅनमधून आले.

कॉलेजच्या प्रयोगशाळेला रंग द्यायचा होता आणि तिथली तीन फुटी काचेची टाकी हलवायची होती. "कोणी घरी नेऊन सांभाळेल का?" असं मॅडमनी विचारलं. मी वर्गात सहसा हात वर करत नाही. उत्तर येत असलं तरी शेजारणीच्या वहीवर लिहून दाखवते. त्या दिवशी हात कसा वर गेला, मला अजून नीट सांगता येत नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. तिथं मी काय शिकते हे सांगून घरी कुणाला कळत नाही, निदान दाखवता येईल, असं वाटलं असावं. मॅडम म्हणाल्या, "महिनाभर नीट सांभाळलीस तर टाकी तुझीच. नाही जमलं तर मासे दुकानात देऊन टाकू."

गावातून सांगलीला दूध घालणारा टेम्पो दुपारी रिकामा परत येतो. त्यात टाकी गोधडीत गुंडाळून ठेवली आणि सात मासे एका कॅनमध्ये. सहा सोनेरी आणि एक काळा, शेपटी फाटलेला. टेम्पोवाला वाटभर म्हणत होता, "पोरी, उद्या दुधाला वास आला तर डेअरीवालं मलाच त्या टाकीत सोडत्याल."

टाकी सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, ठेवली. दुसरी जागाच नव्हती. ओसरीवर ऊन येतं आणि स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला बाहेर थांबावं लागतं. टाकीखाली टेबलाच्या खणात छोटी मोटार. ती एका पाइपानं पाणी खाली ओढते, गाळते आणि दुसऱ्या पाइपानं वर सोडते. मी बटण दाबलं, पाणी फिरायला लागलं, मासे एकदा दचकले आणि मग सरळ प्रवाहाविरुद्ध पोहायला लागले. आई पदराला हात पुसत किती तरी वेळ बघत उभी होती.

अडचण दुसऱ्या दिवशी सुरू झाली. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते फौजेतून रिटायर होऊन आता साखर कारखान्याच्या गेटवर रात्रपाळी करतात. सकाळी येतात, भाकरी खातात आणि नऊ ते चार झोपतात. त्या वेळात आमच्या घरी मिक्सरसुद्धा लागत नाही. आणि त्यांची खोली म्हणजे सोप्याच्या भिंतीपलीकडं. अर्ध्या विटेची भिंत, तिला टेकून लोखंडी कॉट आणि कॉटशेजारी फौजेतली काळी ट्रंक.

अकराच्या सुमारास अण्णा बनियनवर बाहेर आले.

"घरात पिठाची गिरण चालू केलीया व्हय?"

"अण्णा, ती मोटार हाय. माशांची."

"कॉट गुणगुणतीया माजी. उशीतनं आवाज येतुया." त्यांनी टाकीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला वाटतं माझा चेहरा बघून त्यांनी आवाज खाली आणला. "रविवारपर्यंत बंदोबस्त कर. न्हाईतर सोमवारी मासं वापस."

अण्णा झोपल्यावर मोटार बंद ठेवूनही पाहिली. पाणी गढूळ झालं आणि तिसऱ्या तासाला मासे वर येऊन तोंड उघडायला लागले. मी घाबरून परत चालू केली. काळ्या माशाला दुकानात कोण विकत घेईल, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना.

मग एक दिवस चार वाजून गेल्यावर तात्या आले. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. अर्ध्या गावाच्या विहिरींवरच्या मोटारी त्यांनी बसवल्यात. त्यांनी माझ्या मोटारीला बोटानं हलवून पाहिलं आणि हसले.

"आगं, ही हलतीया म्हणून वाजतीया. मोटार म्हंजी कशी, आवळून बसवली पायजे. जरा ढिली राहिली की गेलीच."

आमच्याकडं मोटार म्हटली की हेच डोक्यात येतं. विहिरीवरची पाच अश्वशक्तीची मोटार सैल राहिली तर खरंच स्वतःला उपटून घेते. तात्यांनी भिंतीला ड्रिल मारून लोखंडी अँगल ठोकला, त्यावर मोटार चार बोल्टांनी आवळली आणि मऊ नळ्या काढून पांढरे कडक पाइप घातले. दर वीतभर अंतरावर एक क्लॅम्प, भिंतीत पक्का. काम इतकं देखणं झालं होतं, की मी फोटो काढला.

बटण दाबलं. पलीकडच्या खोलीत ट्रंकेची कडी टणटण वाजायला लागली.

"तात्या!" अण्णा आतून ओरडले. "ट्रॅक्टर घरात घातलास का रं?"

"आजून एक आटा राहिलाय, अण्णा!" म्हणत तात्यांनी पाना फिरवला. आता मांडणीवरची ताटंपण वाजायला लागली. आई तोंडाला पदर लावून मागच्या परड्यात पळाली. मला हसू येत होतं आणि रडूपण.

शुक्रवारी प्रॅक्टिकल झाल्यावर मैत्रीण मला माधवनगरला तिच्या घरी घेऊन गेली. तिचे वडील यंत्रमागावर असतात. घराच्या मागच्या शेडमध्ये चार माग, एवढा खडखडाट की आम्ही ओरडून बोलत होतो. जेवताना मैत्रिणीनंच माझी कथा सांगितली, मी एकटी असते तर बोलले नसते. काका घास हातात धरून हसले आणि मला शेडमध्ये घेऊन गेले.

"पायाखाली बघ."

प्रत्येक मागाच्या पायाखाली जाड काळं रबर होतं.

"हे काढलं तर पलीकडच्या गल्लीतली भांडी वाजतात. यंत्र हलणारच, बाळ. ते हलणं भिंतीला कळू द्यायचं नाही."

परतीच्या एसटीत मी वहीवर मोटार, अँगल, भिंत, ट्रंक असे चार चौकोन काढले आणि मधे बाण. उपाय बहुतेक कळला होता. प्रश्न वेगळाच होता. तात्यांनी एवढ्या मायेनं केलेलं काम उचकटायचं कसं आणि सांगायचं कुणी?

शनिवारी संध्याकाळी, अण्णा ड्युटीवर गेल्यावर, मी तात्यांना बोलावलं. "तात्या, मोटारीची जाळी धुवायचीया. जरा उतरवून देता का? चालूच राहू द्या."

त्यांनी बोल्ट काढले आणि मोटार तळहातावर घेतली. पाइपाची थोडी गुणगुण सोडली तर आवाज एकदम गेला.

"बंद पडली व्हय?"

"न्हाई. पाणी बघा की, चालू हाय."

तात्यांनी टाकीत वाकून पाहिलं. मोटार परत अँगलवर टेकवली, घरभर भुणभुण. उचलली, शांत. परत टेकवली. सहा-सात वेळा तरी त्यांनी असं केलं, जत्रेत खेळणं मिळाल्यासारखं. मला एक शब्द बोलावा लागला नाही.

"आयला," ते म्हणाले, "म्हंजी मोटार वाजतच न्हवती. मी भिंत वाजवत हुतो!" आणि मग काळजीनं, "पर आता हिला हातात धरून जलम काढायचा का?"

मी रबराचं सांगितलं. आईनं परड्यातून एक जाड जुनी स्लीपर आणून दिली. तिचे दोन तुकडे करून टेबलाच्या खणात एकावर एक ठेवले आणि त्यावर मोटार नुसती बसवली, कुठं आवळली नाही. तात्यांचा हात दोनदा पान्याकडं गेला, दोन्हीदा मी "आवं तात्या" म्हणाले. कडक पाइप मोटारीला सरळ जोडलेला होता, तिथं मधे गवंड्याच्या लेव्हल पाइपचा हातभर मऊ तुकडा घालायचं ठरलं. पाइप कापताना वरचा कॉक बंद करायचा राहिला आणि टाकीतलं पाणी तात्यांच्या विजारीत गेलं. भिंतीवरचे क्लॅम्प त्यांनी स्वतःच काढले, शिट्टी वाजवत.

मग मी एकेका वस्तूवर बोटं ठेवत गेले. टेबल शांत. भिंत शांत. एका ठिकाणी बोटाला मुंग्या आल्या, तिथं पाइप काचेच्या कडेला घासत होता. मधे स्पंज खोचला. वरून पडणाऱ्या धारेचा खळखळाट उरला होता. पाइपाचं तोंड पाण्याखाली नेऊन जरा वरच्या अंगाला वळवलं. आता पाणी नुसतं थरथरत होतं. ट्रंकेला कान लावला तर काहीच ऐकू येईना.

रविवारी अण्णा आले, जेवले, टाकीकडं न बघता आत गेले. मी दाराशी वही घेऊन बसले आणि एकही ओळ वाचली नाही. दहा वाजले, अकरा वाजले. बाराला घोरणं ऐकू आलं. आईनं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. तात्या दर तासाला येऊन खिडकीतून खुणेनं विचारत होते आणि मी अंगठा दाखवत होते. चार वाजले. आम्ही इतक्या खुशीत होतो, की चार वाजल्याचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

साडेपाचला आतून आरोळी आली. "आरं, वाजलं किती?"

सहाला ड्युटी. अण्णा एका हातात शर्ट आणि एका हातात बूट घेऊन बाहेर आले. "उठवलं का न्हाई मला?"

"तुमीच म्हणला, आवाज करू नका म्हणून," आई म्हणाली.

"आन् मोटार बंद केलीया का काय?" त्यांनी वाकून पाइपावर पंजा ठेवला. आतून पाणी वाहताना जाणवलं असावं, कारण ते तसेच थांबले. मग त्यांची नजर खाली गेली. "ही तर माजी स्लीपर!"

"टाकाऊ होती ती," आई म्हणाली.

"कोण म्हणलं टाकाऊ?" पण बूट घालताना त्यांचं लक्ष बुटाकडं नव्हतं, काळ्या माशाकडं होतं. तो शेपटी फडफडवत त्यांच्या तोंडासमोर आला होता. "ह्याला काय लागलं?"

"आधीपासनंच हाय, अण्णा."

गाडीला किक मारून ते फाटकापर्यंत गेले आणि थांबले. मला वाटलं, काही विसरले.

"उद्यापासनं चारला मला उठवायचं काम तुजं," ते ओरडून म्हणाले. "मासं ठेवायचं आसतील तर!"