श्यामरावाचे गरम हात

लाखांदूरच्या दवाखान्यात मी सत्तावीस वर्षं कंपाउंडर होतो, पण श्यामरावाइतका रिकामटेकडा शहाणा दुसरा पाहिला नाही. चौऱ्याहत्तर साली त्याने लोहचुंबकाने लोकांचे गुडघे बरे करायला घेतले. मग निळ्या बाटलीतलं, उन्हात ठेवलेलं पाणी पाजलं. ग्रामसेवकीतून निवृत्त झाल्यावर, एकोणनव्वद साली, मुंबईला लेकीकडे गेला, दोन दिवसांचं शिबिर केलं आणि रेकी शिकून एसटीतून उतरला.

रेकी म्हणजे जपानी विद्या. विश्वातली शक्ती गुरूने शिष्यात उतरवायची आणि शिष्याने ती तळहातांतून रोग्यात सोडायची. डोकं, छाती, पोट, पाठ, एकेका जागी हात ठेवून बसायचं. रोज सकाळी म्हणायचं, 'आज मी रागावणार नाही.' श्यामराव ते म्हणायचा आणि चहा थंड झाला म्हणून लगेच बायकोवर ओरडायचा. उथळ पाण्याला खळखळाट फार.

तलावावर मासे धरणाऱ्यांच्या घरची सून रुखमा त्याच्याकडे जाऊ लागली, तेव्हा मात्र मला संताप आला. माशांची टोपली उचलून उचलून तिचा उजवा खांदा इतका धरला होता की वेणी घालता येत नव्हती. तीन आठवडे ओझं उचललं नाही तरच हात वाचेल, असं डॉक्टरांनी दोनदा लिहून दिलं होतं. दोन्ही चिठ्ठ्या तिच्या सासूने, रंभाबाईने, चुलीत घातल्या.

नवव्या दिवशी मी श्यामरावाच्या ओसरीवर गेलो. हा डोळे मिटून तिच्या खांद्यावर हात ठेवून बसलेला आणि ती चटईवर चक्क घोरत होती. ती निघाली तशी मी तिला रस्त्यात गाठलं.

"त्याच्या हातात काही नाही, रुखमा. तुझ्या सासूले सांगतो मी."

"मले ठाऊक हाय, भाऊ," ती म्हणाली. "पन त्यायनं सांगतलं, एकवीस दिवस टोपली उचलली त शक्ती निंगून जाते. म्हून सासू सोता टोपली नेऊन राहिली. तुमची चिठ्ठी कोनं आयकली? सांगू नका, भाऊ."

दुसऱ्या दिवशी रंभाबाई दवाखान्यात आली. टोपली दाराशी आपटून म्हणाली, "तुमी शिकले मानूस. त्या श्यामरावच्या हातात खरंच ताकद हाय का? नसंन त उद्यापासून पोरीले बाजारात धाडतो."

पंधरा वर्षं मी त्या माणसाची टर उडवली होती.

"हाय," मी म्हणालो. "अर्ध्यात सोडलं त उलटते."

ती टोपली उचलून गेली. संध्याकाळी श्यामराव पानठेल्यावर सगळ्यांना सांगत होता की कंपाउंडरनेही मान्य केलं. मला पाहून त्याने तळहात वर करून आशीर्वाद दिला. मी मान खाली घालून तो घेतला, कारण अजून अकरा दिवस बाकी होते.