चाकाची चावी

ती घटना आठवायला मला आजही निमित्त लागत नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतल्या निम्म्या प्रकरणांतली नावंसुद्धा आता डोक्यात राहिली नाहीत. हे प्रकरण तर कोर्टाची पायरीही चढलं नाही. तरी नांदेडच्या या फ्लॅटमध्ये संध्याकाळी एकटा चहा घेत बसलो की तेच आठवतं. नावं कुणाचीच सांगणार नाही, सांगून कुणाचं भलं होणार नाही.

मी तेव्हा लातूर जिल्ह्यात, जळकोटच्या बाजूला एका लहान ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. दसरा होऊन गेला होता, दिवाळी तोंडावर होती. सकाळची हजेरी घेऊन स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात चाळिशीचा एक माणूस आत आला. कपडे चांगले, दाढी वाढलेली, डोळे लाल. पुण्यात मोठ्या पगाराच्या नोकरीला होता. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "साहेब, त्यानं माझ्या आईचं वाटोळं केलं. त्याला आत टाका."

अशा माणसाला मी आधी पाणी देतो. पाणी पिताना कुणाला ओरडता येत नाही.

हकीकत अशी होती. वडील वारल्यापासून त्याची आई गावात एकटी राहायची. घर नवं, स्लॅबचं, फरशी घातलेलं, आणि त्यात ही एकटी बाई. गाव तिला काकू म्हणायचं. तिला दवाखान्यात न्यायला-आणायला मुलाने आपली गाडी गावी आणून ठेवली होती आणि गावातलाच एक ड्रायव्हर लावला होता. दोन दिवसांपूर्वी सकाळी काकू ओसरीत पडली. तोंड वाकडं झालं, उजवं अंग गेलं. ड्रायव्हर पळत आला, तर गाडीचं मागचं चाक बसलेलं. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता, पण चाक निघेना.

ते का निघेना, हे नीट सांगतो. पुण्यात चाकं चोरीला जातात म्हणून मुलाने प्रत्येक चाकाला एकेक लॉक नट बसवला होता. बाकीचे नट साध्या पान्याने सुटतात. हा एक सुटत नाही. त्याला अंगठ्याएवढं एक लोखंडी नळकांडं लागतं, आतून खास खाचा असलेलं. ते नटावर बसवायचं आणि मग पाना फिरवायचा. त्यालाच चावी म्हणतात. ती डिकीत एका डबीत असायची. त्या दिवशी डबी रिकामी होती.

गावातली दुसरी गाडी म्हणजे एक जीप, ती बाजाराला गेली होती आणि अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. काकू लातूरला पोहोचली तेव्हा फार उशीर झाला होता. जीव वाचला, पण वाचा गेली. लवकर आणलं असतं तर वेगळं झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले होते. मुलाचं म्हणणं एकच होतं: चाकं विकायची म्हणून ड्रायव्हरने चावी लांबवली आणि त्यापायी आई मुकी झाली.

मी फिर्याद घेतली आणि पंचनाम्याला गेलो. गाडी काकूच्या घरापासून थोडी पुढे, वेशीजवळ तिरकी उभी होती. ड्रायव्हरने बसलेल्या चाकावरच गाडी दामटायचा प्रयत्न केला होता. टायर रिमवरून उतरला होता आणि रस्त्यावर रिमचा ओरखडा पार घरापासून आला होता. ते पाहून माझ्या मनात पहिली शंका आली. आपण बिघडवलेली गाडी माणूस अशी जीव तोडून कशाला ओढेल?

हमरस्त्यावरच्या पंक्चरवाल्याला बोलावून घेतलं. चावी नसताना तो नट कसा काढतात, ते मला बघायचं होतं. त्याने नटापेक्षा जरा लहान मापाचा सॉकेट घेतला आणि हातोड्याने ठोकठोक ठोकून नटावर गच्च बसवला. दांड्याला लांब पाइप अडकवला आणि आमच्या शिपायाला सोबत घेऊन जोर लावला. पहिल्यांदा सॉकेट घसरला, रिमवर पांढरी रेघ उमटली. दुसऱ्यांदा कडाडून आवाज आला आणि नट फिरला. नट वाया गेला, पण चाक हातात आलं. टायरमधून बाभळीचा काटा निघाला. म्हणजे पंक्चर तरी कुणी केलेलं नव्हतं.

"हे एवढंच आहे?" मी विचारलं.

"हाव साहेब. पण ह्यो सॉकेट पायजे, पाइप पायजे. घरच्या पान्यानं न्हाई निघत."

चाकं चोरणाऱ्याला चावीची गरज नाही, हे मला तिथंच कळलं. पण माझी समजूत म्हणजे पुरावा नव्हे. आणि संध्याकाळीच खबऱ्याचा फोन आला. ड्रायव्हर दसऱ्यानंतर नायगावला एका टायरच्या दुकानात गेला होता आणि चावीशिवाय लॉक नट कसा खोलतात, असं विचारत होता.

मी स्वतः नायगावला गेलो. दुकानदाराने फोटो ओळखला. "हाच व्हता. गाडी घेऊन ये म्हणलो, तर न्हाई जमत म्हणून गेला." ही विचारपूस काकू पडायच्या आधीची. आता ड्रायव्हरच्या गळ्याभोवती फास चांगलाच आवळला होता.

त्याला ठाण्यात बसवला. पंचेचाळिशीचा, काटक, आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबून मग गाडीवर लागलेला. खोटं बोलणारे भरपूर बोलतात, हा माझा अनुभव. हा गडी तोंडच उघडेना.

"नायगावला कशाला गेला होतास?"

"सासुरवाडी हाय तिथं."

"टायरच्या दुकानात कोण सासरा बसतो तुझा?"

त्याने मान खाली घातली. मी अर्धा तास काहीच विचारलं नाही. समोर बसून कागद बघत राहिलो. मग त्याचं त्यालाच राहवलं नाही.

"साहेब, म्या न्हाई घेतली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी डिकी झाडाया उघडली, तर डबी रिकामी. लई हुडकलं. पुण्याच्या दादाला कळलं तर मलाच चोर म्हणतील, काढून टाकतील. म्हणून गपचूप काय करता येतंय का ते बघून राहिलो व्हतो."

"अरे, मग काकूंना का नाही विचारलंस?"

"त्या रोज सांजच्याला दादासंग फोनवर बोलत्यात. बोलण्यात निघालं असतं, साहेब."

मला पटत होतं. पण कागदावर काय दिसत होतं? चावी गायब, ती गायब असल्याचं त्याला ठाऊक, आणि त्याने ते लपवलं. इकडे मुलाच्या ओळखीच्या पुढाऱ्यांचे फोन चालू झाले होते. अटक कधी दाखवता, एवढंच विचारत होते. ठाण्याबाहेर लिंबाखाली ड्रायव्हरची बायको बसून होती. ती रडत नव्हती, नुसती दाराकडे बघत होती. एकदा चोर म्हणून नाव लागलं की त्या गावात त्याला कुणी गाडीवरच काय, शेळ्यांमागेही लावलं नसतं. मी साफ अस्वस्थ होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा हवालदार रायफली बाहेर काढून पुसत बसला होता. एका रायफलीच्या दस्त्यावर लाल डाग दिसला. मी खेकसलो, "हे काय आहे?"

"खंडेनवमीचं कुंकू हाय साहेब. खाचंत बसलंय, निघून न्हाई राहिलं."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ठाण्यात शस्त्रपूजा होते, तशीच घराघरांत अवजारांची पूजा होते. मी तसाच आत गेलो आणि ड्रायव्हरला विचारलं, "खंडेनवमीला गाडीपाशी कोण होतं?"

"कुणी न्हाई. म्या माझ्या घरी व्हतो. दसऱ्याला गाडी धुवाया गेलो, तर जॅक आन् पाना ओसरीत व्हते. कुंकू लागलेलं. काकूंनी पुजलं आसल म्हणून पुसून डिकीत टाकले."

"आणि चावी?"

"ती त्यात न्हाई व्हती, साहेब."

मुलाला, दोन पंचांना आणि महिला शिपायाला घेऊन मी काकूच्या घरी गेलो. कुलूप उघडलं. स्वयंपाकघरात भिंतीत देवघर होतं. देवांच्या रांगेत, अन्नपूर्णेच्या शेजारी, ते अंगठ्याएवढं नळकांडं उभं होतं. हळदीकुंकवाने इतकं माखलेलं की आतल्या खाचाही भरून गेल्या होत्या. एका दिवसाचं कुंकू नव्हतं ते. खंडेनवमीपासून रोज लावलं असणार.

"आईनं हे इथं कशाला ठेवलं?" मुलगा पुटपुटला.

पंचांपैकी एक त्यांच्या शेजारचा म्हातारा शेतकरी होता. तो म्हणाला, "खंडेनवमीला पुजाया घरात लोखंड लागतंय की, बाबा. तुझा बाप व्हता तवा ही समदी ओसरी भरून मांडायची. कुळव, तिफण, कुऱ्हाडी, इळे. आता शेत बटईनं दुसऱ्याला कसाया दिलंय, अवजारं बी त्याच्याकडं गेली. काय पुजावं तिनं? तुझी गाडी व्हती, तिचं लोखंड पुजलं, आन् त्यातलं हे लहानगं देवात ठेवलं."

मुलगा तिथंच फरशीवर बसला.  मग म्हणाला, "मी फोनवर विचारलं होतं, सण कसा झाला. चांगला झाला म्हणाली."

 मी पंचनाम्याचे कागद काढले.

"साहेब, हे लिहावंच लागेल का?"

"लिहावं लागेल. त्याशिवाय तो माणूस मोकळा होत नाही."

त्याने सही केली.  दुपारी लातूरच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांच्या समक्ष ती चावी काकूला दाखवली. मुलगा शेजारी होता, ड्रायव्हर दारातच थांबला होता. चावी बघताच बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने डावा हात उचलला, तो चावीकडे नाही, दाराकडे. ड्रायव्हर पुढे आला तसा तिने त्याचं मनगट धरलं आणि सोडेचना. मी जबाबात लिहिलं, 'खुणेने दुजोरा दिला.' सरकारी भाषेत त्याला यापेक्षा जास्त जागा नसते.

परतताना जीपमध्ये तो माझ्या मागे बसला होता. मला वाटलं, सुटल्याचा आनंद बोलून दाखवेल. तो म्हणाला, "काकू एक शब्द बोलल्या असत्या, तर म्या माझी कुदळ, खुरपं समदं आणून मांडलं असतं त्यांच्या म्होरं."



पुढे नव्या अधिकाऱ्यांसमोर बोलायची वेळ आली की मी हेच सांगत आलो. वस्तू हरवली की आपण विचारतो, कुणी नेली. तिची गरज कुणाला पडली होती, हेही विचारत जा. आणि एकाच अंगणात रोज उठबस करणारी माणसं एकमेकांशी बोलतात, असं धरून चालू नका. एकाने भीतीपोटी विचारलं नाही. दुसरीला सांगण्यासारखं यात काही आहे, असं वाटलंच नाही. माझी बायको गेल्यापासून मला हे जास्तच कळतं. मुलगी हैदराबादहून रोज फोन करते, जेवलात का विचारते. मीही चांगलं चाललंय म्हणतो.

एक सांगायचं राहिलं. पुढच्या वर्षी खंडेनवमीला त्याच गावात बंदोबस्त बघायला गेलो होतो. काकूला गावी आणून ठेवलं होतं, सांभाळायला एक बाई होती. मुलगा सणाला आला नव्हता, रजा मिळाली नाही म्हणे. घरावरून जाताना मी फाटकापाशी थांबलो. ओसरीत काकू खुर्चीवर होती. तिच्यासमोर पोतं अंथरून ड्रायव्हरने आपल्या घरची सगळी अवजारं मांडली होती. कुदळ, खुरपी, टिकाव, विळे, कुळवाचं एक गंजकं पातंही. तो एकेक उचलून तिच्या मांडीपाशी धरत होता आणि ती डाव्या हाताने, वाकडंतिकडं का होईना, कुंकू लावत होती. त्याची बायको हळदीची वाटी धरून बाजूला उभी होती.

कुणी मला पाहिलं नाही. मी आत गेलो नाही. त्या दिवशी ड्युटी संपल्यावरही ठाण्यातच बसून राहिलो, रिकाम्या क्वार्टरवर जावंसंच वाटेना.