पाहुण्यासारखं निवळून दिलेलं पाणी

काष्टीकडच्या वाड्यावस्त्यांवर बोअरमधली मोटर वर काढायची म्हणजे दिलावर. पाइपाला चिकटलेला गाळ पुसताना तो त्याच्याशी इतकं गोड बोलायचा, की त्याची बायको सरवरी म्हणायची, "मी बी बोअरात उतरते, म्हंजी बोलाल माझ्याशी."

अशा माणसाला सरपंच आप्पासाहेबांनी भर ग्रामसभेत चोर म्हटलं! दिलावरनं गावाच्या बोअरला घातलेल्या लोखंडी पाइपांची दोन वर्षांत चाळण झाली होती.

"भंगारातलं पाइप रंगवून घातलंस लेका!"

"आप्पासाहेब, पाइप नवेच हुते. पानी खातंय त्यांना!"

"पान्याला दात फुटले का? ह्यो बघ तपासनीचा रिपोर्ट. पानी एक नंबर हाय."

लोक हसले. दिलावर घरी आला तो ताटावर बसलाच नाही. मोटारसायकल काढून थेट पंचायतीच्या शिपायाकडं, रंभाजीकडं गेला.

"तपासनीला धाडलेला पान्याचा नमुना तूच भरलास ना? कसा भरलास?"

रंभाजीची छाती फुगली. "ताजं पानी भरलं की दुधावानी पांढरं दिसतं, बारीक बुडबुडं असत्यात. असलं सायबापुढं ठिवायचं? गावाची अब्रू हाय का न्हाई! दोन दिस हंड्यात निवळू दिलं, फडक्यानं गाळलं, मंग बाटली भरली."

"आरं शहाण्या, ते बुडबुडंच तर चोर हुते!"

उसाची मुळं आणि कुजलेलं पाचट जमिनीत जो वायू सोडतात, तोच सोडावॉटरच्या बाटलीत असतो. तो मुरला की पाणी आंबट होऊन लोखंड खातं. उघड्यावर ठेवलं की वायू उडून जातो आणि पाणी गरीब गाय होतं. रंभाजीनं चोराला मागच्या दारानं वाटेला लावून गायीचा पंचनामा करून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी पाणी तपासायची पेटी सांभाळणाऱ्या शुभांगीनं सगळ्यांसमोर बोअरच्या तोंडाशीच पाणी तपासलं. आंबट! रंभाजीच्या हंड्यातलं शिळं पाणी मात्र निर्दोष.

आप्पासाहेब मान खाजवत म्हणाले, "बरं, बरं. आता प्लास्टिकचं पाइप टाक. झालं गेलं सोडून दे."

दिलावरनं पाना जमिनीवर ठेवला. "चोर म्हनताना गाव गोळा केलं, आन् आता कानात कुजबुजताय व्हय? गावाला ऐकू येऊ द्या."

"अरे, पान्याचा खोळंबा हुतोय."

"माझ्या नावाचा न्हाई झाला?"

रिकामे हंडे घेऊन उभ्या बायकांमधून मुक्ताबाई कडाडली, "बोला की वं आप्पासाहेब! जीभ काय गंजली?"

"दिलावरनं चोरी केली न्हाई," आप्पासाहेब पुटपुटले.

"मोठ्यानं!" सगळ्या बायका एकदम ओरडल्या.

सरपंच ओरडले. तेव्हा कुठं दिलावर पाना उचलायला वाकला.