काकांचं ऊन

"ऊन वाया चाललंय," असं म्हणत काका दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, नाश्ता अर्धा टाकून उठायचे. ऊन टाळायला सगळं दोहा दारं लावून बसतं आणि हा माणूस उन्हासाठी जिने चढायचा.

ज्यांना खुर्ची टोचते अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काका चहासुद्धा उभ्याने घेत. अल मन्सूरा भागातल्या एका खोलीत आम्ही पाच जण राहायचो. सगळ्यांत मोठे म्हणून ते काका; कराडचे, वेस्ट बेच्या एका ऑफिसात नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन.

गच्चीवर ते कागदाला लोहक्षारांचं पाणी लावून त्यावर पानं, चाव्या ठेवत. उन्हात ठेवून मग धुतला की कागद निळा होई, झाकलेला भाग पांढरा राही. एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रज खगोलशास्त्रज्ञाची ही युक्ती. ताऱ्यांच्या आकडेमोडीच्या नकला काढायला त्याने ती शोधली, पुढे इंजिनिअरांचे नकाशे तशाच निळ्या कागदावर निघू लागले. फोटो उडू नये म्हणून काय करायचं, तेही त्यानेच दाखवलं.

"उमटतं सगळंच रे," काका म्हणायचे. "टिकवायचं कसं, ते बघ."

मग ऑफिसने नकाशांचं काम बाहेर द्यायचं ठरवलं आणि काकांना नोटीस मिळाली. पंधरा दिवस त्यांनी घरी कळवलं नाही. बसल्या जागी पाय मात्र सारखा हलायचा. मी विचारलं तेव्हा म्हणाले, एकवीस वर्षं सुट्टीपुरता घरी गेलोय, आता कायमचं जाऊन तिथे राहायचं कसं, ते येत नाही मला.

शेवटच्या शुक्रवारी त्यांनी अंधाऱ्या बाथरूममध्ये एक चादर त्याच पाण्यात भिजवून वाळवली. "यल्ला, वर चला." जानेवारी होता म्हणून बरं. आम्ही चौघे चादरीवर आडवे झालो, कडेला काका. दहा मिनिटं कुणी हलायचं नाही, असं बजावून चौथ्या मिनिटाला तेच उठले. घड्याळ पाहून परत पडले. पुन्हा उठले.

चादर धुतली तेव्हा आम्ही चौघे बोटांसकट पांढरे उमटलो होतो. कडेला नुसतं फिकट निळं धुकं. डोकं नाही, पाय नाहीत. पुन्हा करू या, असं एकजण म्हणाला. काकांनी चादर दोरीवर टाकली.

"नको. फोटो बरोबर आलाय."

ती चादर ते भिंतीवर लावून गेले. त्यांच्या कॉटवर आलेल्या नव्या माणसाने चादरीकडे पाहून विचारलं, चौघेच राहायचात का? मी कडेच्या धुक्यावर बोट ठेवलं.