बोट चाटवायची रीत

आमच्या घरात मूल जन्मलं की पाचवीला थोरल्या माणसानं त्याला गुळाच्या पाण्याचं बोट चाटवायचं, ही रीत. वडलांनी मला चाटवलं, म्या माझ्या पोरांना. शाळा माझी चौथीपर्यंतच, पण रीत कुणाला विचारायची वेळ माझ्यावर कधी आली न्हाई.

नात झाली तेव्हा भाताच्या राबाचे, म्हणजे रोपासाठी वाफे भाजायचे दिवस होते. पाचवीला वाफ्यावर शेण-पाला पसरून मी घरी आलो, हंड्यातल्या पाण्यानं हात विसळले, लेंग्याला पुसले आणि बाळंतिणीच्या खोलीत गेलो. माझ्या बायकोनं गुळाच्या पाण्याची वाटी तयार ठेवली होती. सुनेनं पोरीला पदराआड घेतलं. हात साबणानं धुऊन या म्हणाली, आणि धुतले तरी बोट तोंडात घालायचं न्हाई म्हणाली.

मला लई राग आला. शेणानं आमी देवापुढं सारवतो, त्याला घाण म्हणणारी ही कोण? तसं बोलूनही दाखवलं.

सून आवाज न चढवता बोलली, "मामा, थोरल्याला तुमीच चाटवलं होतं. दुसऱ्या दिवशी जुलाब लागले. भोरच्या दवाखान्यात नेईस्तोवर डोळे आत गेले होते. डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, तोंडात कुणी काय घातलं. म्या तुमचं नाव घेतलं न्हाई."

थोरला म्हणजे तिचं पहिलं मूल. ते भोरहून जितं परत आलं न्हाई. देवाची मर्जी, असं आमी म्हटलं होतं.

"तुमच्या बोटानंच झालं असं म्हणत न्हाई," ती म्हणाली. "पर हिला म्या जपनार."

माझ्याच बोटानं झालं, हे म्या आजही कबूल करत न्हाई. पण न्हवतं झालं, असं सांगायला बोट उचललं आणि नजर नखांवर गेली. नखांत शेण तसंच होतं. मोरीवर गेलो, नखं कापली, कोपरापर्यंत साबण लावला. तिनं दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले, मग पोरगी माझ्या मांडीवर दिली. मी मूठ मिटूनच बसलो.

दुपारी माझी थोरली बहीण आली, नसरापुराकडं दिलेली. तू न्हाई तर मी चाटवते म्हणत तिनं वाटी उचलली. म्या ती काढून घेतली, मोरीत ओतली.

"आक्का, ह्या घरात आता कुणी बोट चाटवायचं न्हाई."

म्हातारपणी सुनेच्या ताटाखालचं मांजर झालास, म्हणाली, आणि न जेवता निघाली. एस.टी.पर्यंत तिच्या मागं चालत गेलो. समजूत काही घातली न्हाई.